चेष्टेचा रकाना

“पाठीवर डबी बांधून हॉकी येत असती, तर फवारणीवाले केव्हाच ऑलिंपिकला गेले असते.”

हे आमचे कोच सुभेदारकाका माझ्या कानाशी पुटपुटले. मैदानावर सावलीतला बाक एकच, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं रोज माझ्याच वाट्याला यायचं. शिवाय त्या डब्या मुलींच्या पाठीवर चढवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे टोमणाही मलाच होता.

“मी नाही हो आणल्या,” मी म्हटलं. “वरून आल्यात.”

“वरून तर कावळ्याचंही काय काय पडतं. ते आपण पुसून टाकतो. बांधून घेत नाही.”

प्रकार असा होता. खेळताना मुलींनी काळ्या बंड्या घालायच्या. बंडीला मानेखाली खिसा, खिशात काडेपेटीएवढी डबी. मुलगी किती पळाली, किती जोरात पळाली, कुठे रेंगाळली, सगळ्याची चुगली ती डबी टॅबकडे करायची. राज्याच्या लखनौच्या क्रीडा वसतिगृहात मुली घ्यायच्या तर यापुढे नुसती नजर चालणार नाही, आकडे हवेत, असं त्या वर्षी ठरलं होतं. कोणी ठरवलं ते विचारू नये. अशा गोष्टी आपोआप ठरतात.

माझं पद ‘किट प्रभारी’. म्हणजे संध्याकाळी त्या बंड्या धुणारी आणि डब्या चार्जिंगला लावणारी. मुली मला पुष्पा मौसी म्हणतात.

सुभेदार जयसिंग मूळचे साताऱ्याकडचे. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग थेट पलटण, पलटणीत हॉकी. बबीनाला शेवटची बदली झाली, तिथून निवृत्त झाले आणि झाशीत राहिले ते तीस वर्षं. इतक्या वर्षांत त्यांनी फौजी हिंदीच्या पुढे पाऊल टाकलं नाही. ‘जोर लगाओ’, ‘मेहनत करो’, ‘क्या तमाशा है’ एवढ्यात त्यांचं सगळं शिकवणं बसायचं. उरलेलं ते बुटांवरून वाचायचे.

खरंच बुटांवरून. दर रविवारी मुलींनी बूट उलटे करून रांगेत ठेवायचे. काका हात पाठीशी बांधून तळवे बघत जायचे. “ही उजवीकडेच वळते, डावीला घाबरते. ही टाच ओढते, रात्री जागते मोबाइल बघत. हिचे बूट नवे दिसताहेत, म्हणजे ही खेळतच नाही.” एकदा त्यांनी एका मुलीच्या तळव्याकडे बघून तिचा घोटा दुखतोय हे सांगितलं होतं, तिला स्वतःला कळायच्या दोन दिवस आधी. आणि आणखी एक नियम होता. तोंडावर कौतुक करायचं नाही. कौतुकाने गुडघे मऊ होतात, असं त्यांचं वैद्यक होतं.

डबीवाले पहिले दोन गृहस्थ त्यांनी आठवड्याच्या आत पळवून लावले. एकाने चेंडूला ‘ऑब्जेक्ट’ म्हटलं होतं. दुसऱ्याने काकांनाच डबी बांधू का विचारलं होतं, म्हातारा बाकावरून किती हलतो ते बघायला.

तिसरा आला तो पीयूष खरे. अठ्ठावीस-एकोणतीसचा, चष्मा, हातात टॅब, चेहरा लग्नातल्या फोटोग्राफरसारखा सतत माफी मागणारा. काकांनी नाव विचारलं. त्याने सांगितलं.

“खरे?” काका बाकावरून उठलेच. “मग आधी सांगायचं नाही का? आपलेच की तुम्ही.”

आता झाशीत राहून कोणालाही कळेल की बुंदेलखंडात खरे कायस्थांत असतात, पिढ्यानपिढ्या, आणि त्यांचा आपल्या खऱ्यांशी काही संबंध नाही. पण काकांची झाशी छावणी आणि मैदान यांच्या मधल्या रस्त्याएवढी. तरी मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात त्या मुलाचा फोन वाजला. मऊरानीपूरहून घरचा असावा. तो म्हणाला, “काय, का भओ?”

काय. बुंदेलीत हाक मारावी तसं म्हणतात ते. काकांना एवढं पुरलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सरकारने चूक सुधारून आपला माणूस पाठवलाय. त्या दिवसापासून ते त्याच्याशी फक्त मराठीत बोलायला लागले, तेही साताऱ्याकडच्या, खणखणीत. आणि तो दर वाक्याला मान डोलवून म्हणायचा, “जी. बिल्कुल.”

मी त्याला गाठलं, किटच्या खोलीत. “भैया, आपको मराठी आती है?”

“नहीं मौसी,” तो म्हणाला. “पर सूबेदार साहब खुश हैं. पहले वाले दोनों का हाल सुना है मैंने. एक-दो महीने में सीख लूँगा.”

मला ते पटलं. आता लाज वाटते, पण पटलं. डब्या चालू राहिल्या तर मुलींचे आकडे वर जाणार, आकडे वर गेले तर वसतिगृह मिळणार. आणि आमच्या बकुळकडे तेवढं एकच वर्ष होतं.

बकुळ कमळाची मुलगी, आमच्यासारख्याच जुन्या झाशीकर मराठी घरातली. कमळाचं मानिक चौकात बांगड्यांचं दुकान आहे, जिन्याखाली, तीन माणसं बसली की चौथ्याने उभं राहायचं. बकुळ जानेवारीत अठराची होणार होती, आणि वसतिगृहाचं दार अठराला बंद होतं. तोवर निवड झाली नाही तर ती दुकानावर बसणार हे ठरलेलं. कमळाने तिच्यापुरती गादीही शिवून ठेवली होती. दुष्टपणाने नव्हे, कमळा प्रत्येक गोष्टीची तयारी ठेवते. बकुळ मधल्या फळीत खेळायची. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. चेंडू गेला की त्याच्यामागे, चेंडू आला की त्याच्यापुढे, असं दोन तास. तिचे बूट काका उचलायचे, बघायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं, पण ते बक्षीस आहे हे ओळखायला त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं बाकावर बसावं लागतं.

गंमत म्हणजे डबीचं आणि बुटांचं जमत होतं. पहिल्या महिन्यात खरे टॅब घेऊन आला. त्यावर मैदानाचा नकाशा, जिथे मुलगी जास्त पळाली तिथे लाल डाग. त्याने बकुळचा नकाशा काढला. काकांनी बकुळचा बूट शेजारी धरला. बुटाची झीज आणि नकाशाचा डाग, एकमेकांची सावली असल्यासारखे. खऱ्याने टॅब बाजूला ठेवला. मग तो खाली बसला आणि उरलेले सतरा जोड एकेक करून स्वतः उलटे करून पाहिले. त्या दिवशी मला तो मुलगा आवडला. काकांनीही टॅबला पहिल्यांदा बोट लावलं, विंचवाला लावावं तसं.

पण आकडे आणि बूट यांच्यावर सरकारचं भागत नाही. सरकारला फॉर्म लागतो. डबीचे आकडे डबी भरणार, आणि प्रशिक्षकाचं मत म्हणून दर महिन्याला प्रत्येक मुलीपुढे दहापैकी गुण द्यायचे. रकाने शुद्ध हिंदीत. अनुशासन, प्रकृति, चेष्टा. एकदा भरून पाठवलं की फॉर्मला कुलूप, मग खुद्द ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही.

अनुशासन काकांना कळलं. प्रकृति तर फारच कळलं. तिथे मुलीचा पिंड कसा आहे, आक्रमक की बचावाचा, असं विचारलं होतं. काकांनी प्रत्येकीची तब्येत बघून गुण दिले आणि विद्याचे दोन कापले, तिला त्या आठवड्यात खोकला होता.

चेष्टेच्या रकान्यापाशी ते थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“पहिल्यांदा शहाण्यासारखं काही विचारलंय या यंत्राने,” ते म्हणाले. “संघ कशाने फुटतो? थट्टामस्करीने. एक पोरगी दुसरीची नक्कल करते, ती तिसरीला सांगते, आणि चौथी पास द्यायचं बंद करते. याची नोंद हवीच.” आणि माणूस फौजी, खात्री करून घेतल्याशिवाय सही नाही. त्यांनी खऱ्याला हाक मारली. “काय हो खरे, चेष्टा म्हणजे चेष्टाच ना? जास्त करेल तिला जास्त गुण?”

खऱ्याला त्यातलं ‘चेष्टा’ कळलं, ‘जास्त’ बहुतेक कळलं.

“जी, बिल्कुल,” तो म्हणाला. “जितनी ज्यादा, उतने नंबर.”

मी तेव्हा बंड्या वाळत घालत होते. हे सगळं मला नंतर कळलं. ऐकलं असतं तर तिथेच सांगितलं असतं की बाबांनो, हिंदी पुस्तकात चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. आमचं घराणं झाशीत आठ पिढ्या आहे. मी हिंदी शाळेत शिकले तेवढी शिकले, पुढचं पुड्यांचे कागद वाचून. घरात चेष्टा केली म्हणून मार खाल्लाय आणि शाळेत चेष्टा केली नाही म्हणून. मला दोन्ही माहीत.

तर जुलैपासून विद्याला चेष्टेत नऊ मिळायला लागले. विद्या गोलरक्षक. काकांच्या चालण्याची नक्कल इतकी हुबेहूब करायची की मैदानावरचं कुत्रं तिच्यामागे जायचं. पळायचं नाव नाही. तिची डबी म्हणायची ही मुलगी दिवसभर उभी असते, आणि फॉर्म म्हणायचा हिच्यासारखी धडपड कोणाची नाही. खऱ्याने तीन वेळा तिची डबी बदलली. चौथ्यांदा बंडीच बदलली. आणि बकुळ, जिने जन्मात कोणाची थट्टा केली नव्हती, तिला शून्य. जुलै शून्य, ऑगस्ट शून्य, सप्टेंबर शून्य. डबी म्हणत होती सगळ्यांत जास्त अंतर, सगळ्यांत जास्त वेग.

एखाद्या साध्या माणसाला इथे शंका आली असती. खरे शिकलेला होता, त्याला सिद्धान्त सुचला. ‘अल्प चेष्टा, उच्च परिणाम.’ म्हणजे काही मुली अशा जन्मजात असतात की काहीही न करता धावतात. ऑक्टोबरात तो लखनौला गेला आणि मोठ्या पडद्यावर त्याने हे दाखवलं. टाळ्या पडल्या म्हणे. फ्रेम केलेलं प्रमाणपत्र घेऊन आला.

नोव्हेंबरात बकुळ माझ्याकडे आली. खरे मुलींना त्यांचे आकडे दाखवायचा, तिने आपले बघितले होते.

“मौसी, सर को लगता है मैं मेहनत नहीं करती?”

मी टॅब बघितला. प्रकाश पडायला मला वेळ लागला नाही, विद्याचे नऊ वाचले आणि पडला. हसूच आलं आधी. मग बकुळला सांगितलं तेव्हा तीही हसली. मी तिला हसताना पाहिल्याची ती दुसरी वेळ.

“म्हणजे... अच्छा दिया है सर ने?” तिने विचारलं.

“अगं, पूर्ण मैदानात त्यांनी एकच शून्य दिलंय. तुला.”

ती जरा वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. बांधलेलीच होती. “मग सर को मत बताना, मौसी,” ती म्हणाली. “सबके सामने बुरा लगेगा उनको. आकडे तर आहेत ना माझे.”

मी खऱ्याला गाठलं. ऐकता ऐकता त्याचा चष्मा धुक्याने भरल्यासारखा झाला. त्याला बकुळचं वाईट वाटलं की प्रमाणपत्राचं, कोण जाणे. दोन्हीचं असेल. “मैं देख लूँगा, मौसी,” तो म्हणाला. “फाइल में नोट लगा दूँगा. सूबेदार साहब से अभी कुछ मत कहिए. उन्होंने मुझसे पूछा था और मैंने... वो पूछेंगे कि मैंने हाँ क्यों कहा.”

तरी मी काकांकडे एकदा विषय काढला. आडून. “काका, ते चेष्टा म्हणजे ना, इकडच्या हिंदीत—”

“पुष्पा,” ते म्हणाले, “तुमची मराठी आठ पिढ्या हिंदीत भिजत घातलेली. तू मला चेष्टेचा अर्थ सांगणार? आपले खरे आहेत की. मी त्यांना विचारून घेतलंय.”

मग मी गप्प बसले. राग आला म्हणून नाही. त्यांनी ‘आपले खरे’ ज्या तऱ्हेने म्हटलं ना, त्याने. माझी भिजकी मराठी सोडली तर तीस वर्षांनी माणसाला मैदानावर पोटभर मराठी बोलायला मिळत होतं. समोरच्याला कळत नव्हतं ही बारीकशी अडचण सोडली तर दोघांचं छान चाललं होतं. नोव्हेंबर शून्य. डिसेंबर शून्य.

निवड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती, सिविल लाइंसमधल्या ऑफिसात. बकुळच्या वाढदिवसाला नऊ दिवस होते. लांब टेबल, पलीकडे निवड समितीच्या मॅडम आणि त्यांचे दोन सहकारी, अलीकडे काका आणि खरे. मुली भिंतीशी उभ्या. मी दाराशी पाण्याच्या बाटल्या घेऊन, कारण किट प्रभारीला खुर्ची नसते.

मॅडम चांगल्या होत्या. घाई नव्हती, आवाज चढवत नव्हत्या, प्रत्येक मुलीला नाव घेऊन बोलवत होत्या. विद्याची निवड दोन मिनिटांत झाली. चेष्टा सरासरी नऊ. विद्या इतकी गोंधळली की आभार मानायचं विसरली.

मग बकुळ. मॅडमनी स्क्रीन वर केली, खाली केली.

“खेल तो बहुत अच्छा है,” त्या म्हणाल्या. “पर चेष्टा छह महीने से शून्य. खरेजी, यह क्या है?”

मी नोटेची वाट बघत होते. नोट नव्हती. खरे घसा साफ करून म्हणाला, “मैडम, यह... इस पर एक सिद्धान्त है. अल्प चेष्टा, उच्च—”

“हाँ, वह लखनऊ में देखा था मैंने,” मॅडम म्हणाल्या. “वहाँ अच्छा लगा था. पर हॉस्टल में सुबह पाँच बजे उठना होता है. जो लड़की जतन ही न करे, उसको मैं सिद्धान्त पर तो नहीं रख सकती.” इकडे जतन म्हणजेही धडपडच, पण तो शब्द काकांच्या फौजी हिंदीत नव्हता. मग मॅडम काकांकडे वळल्या, आदराने. “सूबेदार साहब, आप बताइए. आपने दिया है यह शून्य. यह लड़की सच में चेष्टा नहीं करती?”

काका उठून उभे राहिले. बटण तपासलं. एवढी वर्षं मी त्यांना बाकावरून पुटपुटताना ऐकलंय, त्या दिवशी त्यांचा आवाज परेडचा होता.

“बिल्कुल नहीं करती, मेमसाब. कभी नहीं. छह महीने में एक बार भी नहीं. मैंने बहुत लड़कियाँ देखीं, सब थोड़ी-बहुत करती हैं. सीनियर हो गई तो और करती हैं. यह अकेली है. इसने आज तक नहीं की, और मैं लिख के देता हूँ, हॉस्टल में जा के भी नहीं करेगी.” ते थांबले. पुढचं त्यांना जड गेलं, दिसत होतं. “ऐसी लड़की मेरे मैदान पर दूसरी नहीं आई.”

टेबलापलीकडची मंडळी अवघडली, जशी कोणी घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं की अवघडतात तशी. एका सहकाऱ्याने खिडकीबाहेर बघितलं.

मी बकुळकडे बघितलं. ती रडत होती. मान खाली, ओठ दाबलेले. आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. सहा वर्षांत सरांनी तिला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, तेही उभं राहून, मोठ्यांदा, सगळ्यांसमोर. तिला शब्दन् शब्द कळला होता. त्या एका शब्दापायी आपण जिन्याखालच्या दुकानात जातोय, हेही कळत होतं, आणि तरी ती तोंड उघडत नव्हती. मीही नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण ते बोलायचं म्हणजे परेडच्या आवाजात उभ्या असलेल्या त्या माणसाला मॅडमसमोर सांगायचं, की काका, तुम्ही आत्ता काय बोललात ते तुम्हाला ठाऊक नाही.

“ठीक है,” मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं आणि यादीवर बकुळचं नाव शोधलं. “बैठिए, सूबेदार साहब. सच बोलने की हिम्मत सबमें नहीं होती.”

काका समाधानाने बसले. खऱ्याच्या मांडीवर थाप मारून मराठीत म्हणाले, “झालं बरं का खरे. पोरगी गेली लखनौला.”

खऱ्याने सवयीने मान हलवली. “जी. बिल्—”

आणि तो थांबला. मॅडमचं पेन खोडायला नावाच्या डाव्या बाजूला टेकलं होतं. खऱ्याने ते बघितलं, मग भिंतीशी बकुळला बघितलं, मग मांडीवरचा काकांचा हात बघितला. तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली.

“मैडम, रुकिए. वह शून्य इनका नहीं है, मेरा है. मराठी में चेष्टा का मतलब मजाक होता है. हँसी-ठट्ठा. सूबेदार साहब ने भरने से पहले मुझसे पूछा था और मैंने कह दिया, बिल्कुल.”

“कैसे कह दिया?” मॅडमचं पेन वर उचललेलं. “आप दोनों तो आपस में मराठी ही बोलते हैं.”

काका त्याच्याकडे बघत होते, मान थोडी वर करून, बुटाच्या तळव्याकडे बघतात तसे. खरे काकांकडे वळला.

“सूबेदार साहब,” तो म्हणाला, “मुझे मराठी नहीं आती.”